मेलेली खार ओल्यात टाकायची की सुक्यात?

मागच्या महिन्यात सकाळी सव्वासातला दूध आणायला खाली उतरले तर आमच्या सफाईच्या मावशी जिन्याच्या तोंडाशी सुपली धरून उभ्या, सुपलीत एक मेलेली खार, आणि शेजारी दोन डबे, हिरवा आणि निळा. मला बघून म्हणाल्या, "ताई, ही ओल्यात टाकू का सुक्यात?" अगदी मनापासून विचारलं त्यांनी, कारण आदल्याच आठवड्यात चुकीच्या डब्यात काहीतरी गेलं म्हणून त्यांना बोलणी बसली होती आणि घंटागाडीवाल्यानं मिक्स कचरा म्हणून आख्खा डबा तसाच सोडला होता. मी दुधाची पिशवी हातात घेऊन तिथंच थांबले आणि मला उत्तर देता येईना.

खार अख्खी होती, कुठं जखम नाही. डोळे अर्धवट उघडे, पुढचे दोन दात नारिंगी पिवळे, पोटाकडची लव पांढरी आणि इतकी मऊ की फुंकर घातली तरी भांग पडेल. शेपटीचे केस गेटातून येणाऱ्या वाऱ्यानं हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. वजन असेल शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे एका बऱ्यापैकी पेरूएवढं. मी म्हटलं, मावशी, द्या माझ्याकडे, आणि सुपली तशीच घेऊन बिल्डिंगच्या मागच्या बाजूला गेले, तिथं जांभळाखाली अजून थोडी माती शिल्लक आहे, तिथं तिला ठेवली.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही, आणि तो एकट्या मावशींचा नाहीच मुळी, म्हणून लिहायला बसलेय. माझं म्हणणं सरळ आहे. मेलेली खार हा कचरा नाही, ओला नाही आणि सुकाही नाही. ती मातीची आहे, मुंग्यांची, माश्यांची, कावळ्यांची आहे, आणि प्रत्येक सोसायटीनं तिला जायला जमिनीचा एक तुकडा राखून ठेवला पाहिजे. गावाकडं ही मागणी ऐकून लोक हसतील, जमीन कसली मागता म्हणतील. मुंबईत मात्र आज ती मागावी लागतेय.

आता बघा, पार्ल्यासारख्या ठिकाणी आपण दिवसातून वीस वेळा खार बघतो. केबलच्या वायरीवरून या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमधे जाताना, एसीच्या युनिटमागं काथ्या आणि चिंध्या नेऊन घरटं करताना, दुपारी चिक् चिक् चिक् करून आख्खी वामकुक्षी उडवताना. पण मेलेली खार वर्षातून किती वेळा दिसते? एकदा, फार तर दोनदा. मग एवढ्या सगळ्या खारी मरतात कुठं? मी लहानपणी आजीला विचारलं होतं तर ती म्हणाली होती त्या लंकेला जातात, रामाकडं, आणि मी ते बरीच वर्षं खरं धरलं होतं.

खरी गोष्ट अशी की म्हातारी होऊन शांतपणे मेलेली खार जवळजवळ नसतेच. बरीचशी पिल्लं पहिल्या वर्षातच जातात. जी खार जरा आजारी पडली, जिचा पाय दुखावला, जी फांदीवरून उडी मारताना क्षणभर थबकली, तिला शिक्रा उचलतो नाहीतर मांजर धरतं. भारद्वाज घरट्यात डोकं घालून पिल्लं ओढून काढतो, हा तोच भारद्वाज जो सकाळी दिसला की आपण शुभ म्हणतो. धामण आहे, मुंगूस आहे, रात्री घुबड आहे. म्हणजे मरणं आणि कुणाच्या तरी पोटात जाणं हे तिच्या बाबतीत बहुतेक वेळा एकाच मिनिटात होतं, आणि मागं चार केस राहतात तेही वाऱ्यावर जातात. थोड्या खारी ढोलीत किंवा घरट्यातच मरतात, तिथं मुंग्या पोचतात. आपल्याला दिसते ती फक्त अशी एखादी जी उघड्यावर, फरशीवर पडली आणि कावळ्याच्या आधी माणसाला सापडली. आणि माणसाला सापडली की ती काळ्या पिशवीत जाते.

जांभळाखालच्या खारीचं काय होतं ते मी रोज बघितलं, ऑफिसला जाताना आणि आल्यावर, आणि जे बघितलं ते सगळं सांगणार आहे, कुणाला किळस वाटली तर वाटू दे, कारण ही किळसच मला या सगळ्याच्या मुळाशी वाटते.

ठेवून पाच मिनिटं झाली नसतील तर पहिली माशी आली. घरातली नाही, ती हिरवी चमकणारी मोठी. तिनं तोंडाच्या कोपऱ्यात आणि डोळ्याच्या कडेला अंडी घातली, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पुंजक्यानं. रविवार होता म्हणून मी गॅलरीतून लक्ष ठेवून होते, साडेदहाला कावळा आला, आधी लांबून बघितलं, मग शेपूट ओढून पाहिली, सोडली, परत ओढली, ही खरंच मेलीय ना याची खात्री करून घेतली आणि मग डोळा काढला. थोडं पोट फाडलं आणि उडाला. दुसऱ्या दिवशी पेव्हर ब्लॉकच्या फटीतून काळ्या मुंगळ्यांची रांग. तिसऱ्या दिवशी वास. खोटं सांगणार नाही, वास होता, पण तीन-चार फुटांवर गेल्यावर, जिन्यापर्यंत येत नव्हता, आणि मी वर दोन-तीन ओंजळी सुका पाला टाकल्यावर तोही बराच बसला. चौथ्या-पाचव्या दिवशी पोटात इतक्या अळ्या की कातडं आतून हलत होतं, लांबून वाटावं खार श्वास घेतेय. एक साळुंकी येऊन त्यातल्या अळ्या टिपून गेली, बहुतेक तिची पिल्लं वळचणीत होती कारण चोच भरून त्याच दिशेला दोनदा गेली. सहाव्या दिवशी अळ्या एकदम दिसेनाशा झाल्या. त्या मातीत शिरतात, कोश करायला. हे मला माहीत होतं तरी डोळ्यांनी बघितल्यावर लक्षात आलं की इथं खाली फरशी असती तर त्या शिरल्या कुठं असत्या? त्या जिन्याकडं आल्या असत्या, आणि मग पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन गेला असता.

नवव्या दिवशी कातडं कडक झालं होतं, वाळलेल्या चामड्यासारखं, आणि त्यावर बारीक काळपट भुंगेरे लागले होते, त्यांना वाळलेलंच लागतं. बाराव्या दिवशी शेपूट, काही बरगड्या आणि नारिंगी दातांचा जबडा. आणखी आठवड्यानं जबडाही नव्हता. हाडं उंदीर, खारी, साळिंदर कुरतडतात, कॅल्शियमसाठी. म्हणजे पिल्लांना पाजणाऱ्या एखाद्या जिवंत खारीनंच तो नेला असण्याची शक्यता आहे. जिथं ती खार होती तिथं आता माती जरा गडद दिसते आणि गवताची चार पाती आजूबाजूच्यापेक्षा हिरवी आलीयेत, बस. आख्खा कार्यक्रम तीन आठवड्यांत उरकला, कुणी बिल लावलं नाही, कुठली गाडी आली नाही.

आता सेक्रेटरींचं म्हणणं. ते वाईट माणूस नाहीत, पाण्याच्या टँकरसाठी रात्री बारा वाजता गेटवर उभे राहणारे आहेत, पण त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, मॅडम, तुमचा अभ्यास सगळा बरोबर असेल पण उद्या कुणाच्या पोराला काही झालं तर जबाबदार कोण? त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती या शहराच्या हाडात आहे. १८९६ च्या सप्टेंबरमधे मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं, तेव्हा सगळ्या मुंबई इलाख्यात लोक एक गोष्ट शिकले ती म्हणजे घरात उंदीर पडले की घर सोडायचं. "उंदीर पडले" हा शब्द आमच्या पणजीच्या पिढीला अंगावर काटा आणायचा. आणि त्यात तथ्य होतं, मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात, हे पुढं १९०५ च्या सुमाराला इथंच परळच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं. आजही सिंधुदुर्गात दोडामार्गाकडं माकडं मरून पडली की माकडतापाच्या भीतीनं आरोग्य खातं जागं होतं, ते योग्यच आहे. तेव्हा मेलेला प्राणी म्हणजे सावध व्हा ही शिकवण चुकीची नाही. एकाच जागी दोन-चार दिवसांत पाच-सहा खारी किंवा उंदीर पडले तर मीच पहिली पालिकेला फोन करीन, मातीबिती काही नाही.

पण एक खार म्हणजे प्लेग नाही ना. खारीमुळं माणसाला रेबीज झाल्याची उदाहरणं जवळजवळ नाहीत. हात लावायचा नाही, कागदानं किंवा फावड्यानं उचलायची, नंतर साबणानं हात धुवायचे, एवढं केलं की सावधगिरी झाली. जांभळाखालच्या खारीपेक्षा आमच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात दोन दिवस तुंबलेलं मासळीचं पाणी मुलांना जास्त धोक्याचं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

कायदाही जुन्या मुंबईचा आहे. १८८८ च्या महापालिका कायद्यात अशी तरतूद आहे की तुमच्या जागेत जनावर मेलं तर तीन तासांत कळवायचं, रात्री मेलं तर सूर्योदयानंतर तीन तासांत, आणि ते उचलण्याची व्यवस्था आयुक्तांनी करायची. तेव्हा या शहरात ट्राम घोडे ओढायचे. बैल, म्हशी, टांग्याचे घोडे रस्त्यात मरून पडायचे, तीनशे किलोचं धूड उन्हात राहिलं तर आख्खी गल्ली आजारी पडेल, तर नियम हवाच. मी तो नियम मोडा म्हणत नाहीये. कुत्रा गेला, मांजर गेलं, गाय गेली, पालिकेला कळवा, १९१६ या त्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. मी म्हणतेय ते शंभर ग्रॅमच्या जिवाबद्दल, खार, चिमणी, वटवाघूळ, सरडा, ज्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही आणि कुणी केला तर पलीकडचा माणूस हसतो. त्यांचं सध्या जे होतं ते असं की प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून रोजच्या सहा हजार टनांहून जास्त कचऱ्याबरोबर ती कांजूरच्या नाहीतर देवनारच्या कचराडेपोत जातात. पिशवीच्या आत हवा नाही, माशी नाही, मुंगी नाही, माती नाही. तिथं ती कुजते पण कुणाची होत नाही. मला हे त्या खारीच्या अपमानाहून जास्त चोरी वाटते, कारण त्या अंगातला नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम याच जांभळाचा होता, याच बदामाचा होता, तो उचलून आपण कचऱ्याच्या डोंगरावर नेऊन टाकतो आणि मग नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतो.

आणि मेलेलं शरीर हे कुणाचं तरी अन्न असतं ही गोष्ट विसरल्याची किंमत या देशानं एकदा मोजलीय. गिधाडं. गुरांना सूज-वेदनेवर डायक्लोफेनॅक द्यायला लागलो, त्या गुराचं मढं खाल्लं की गिधाडाची किडनी जायची, १९९० च्या दशकापासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचं गिधाड नव्याण्णव टक्क्यांहून जास्त संपलं. २००४ मधे कारण कळलं, २००६ मधे सरकारनं गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, पण तोवर गिधाडं गेली होती. मढी पडून राहिली, कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली. २०२४ मधे आलेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानं अंदाज मांडला की २००० ते २००५ या काळात त्यामुळं देशात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं मेली. माणसं, गिधाडं नाहीत. मलबार हिलवर डुंगरवाडीला पारशी समाजाला मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची आपली शेकडो वर्षांची रीत चालवायला सोलर कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऊन एकवटणारी यंत्रं, लावावे लागले, कारण वरून उतरायला कुणी उरलं नाही. आपल्या शहराच्या मधोमध झालेली गोष्ट आहे ही.

मग उरला कावळा. त्याच्याकडं आपण कसे बघतो तेच मला कळत नाही. बाणगंगेवर दहाव्याला आपण हात जोडून थांबतो, बाबांच्या वेळी आम्ही पाऊण तास थांबलो होतो, काका म्हणाले त्याला नातवाची काळजी आहे रे, मग मोठ्या भावानं मी बघीन म्हणून शब्द दिला आणि कावळा शिवला, आणि आम्ही सगळे रडलो. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून काव काव करून बोलावतो. पण त्याच कावळ्यानं अंगणात मेलेली खार धरली की शी, हाकला त्याला, घाण करतोय. तो जे आपल्या पिंडाशी करतो तेच तिच्या अंगाशी करतो. गेलेल्याला पुढं नेणं हे काम आपणच त्याला दिलंय, आणि माझ्या मते तरी ते त्यानं आपल्या आधीपासून घेतलेलं आहे.

आता ज्या गोष्टीनं मला खरा राग येतो ती सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत उंदीर फार झाले म्हणून एका पेस्ट कंट्रोलवाल्याला कॉन्ट्रॅक्ट दिलं. उंदीर झालेच होते, पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, होतो, २६ जुलै २००५ नंतर या शहरात लेप्टोचे किती पेशंट झाले ते आठवतंय, तेव्हा उंदीर आवरायलाच हवेत, पालिकेचे रात्रपाळीचे लोक काठी आणि टॉर्च घेऊन एका रात्रीत तीस-तीस उंदीर मारतात त्यांचे उपकारच आहेत आपल्यावर. पण या माणसानं काय केलं, उंदराच्या औषधाच्या निळ्या वड्या बागेत उघड्यावर, झाडांच्या बुंध्याशी टाकल्या. खार उंदराचीच चुलत बहीण, धान्याचा वास आला की ती खाणारच. ते औषध ब्रोमॅडिओलोन जातीचं, त्यानं रक्त गोठणं बंद होतं, आणि मरायला तीन-चार दिवस, कधी आठवडा लागतो. त्या आठवड्यात मी भर दुपारी एक खार बदामाच्या कट्ट्यावर अंग फुगवून बसलेली बघितली, मी दोन हातांवर जाऊन उभी राहिले तरी पळाली नाही, नाकाशी रक्ताचा एक सुकलेला थेंब होता. खार माणसाला बघून पळत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळी ती गेली. त्यानंतर चार दिवसांनी पाण्याच्या टाकीमागं एक गव्हाणी घुबड पडलेलं सापडलं, पांढऱ्या बदामी चेहऱ्याचं. आम्ही ते प्राण्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, पोटात रक्तस्राव होता, त्यांनी विचारलं जवळपास उंदराचं औषध टाकलंय का. एका जोडीनं वर्षभर जितके उंदीर खाल्ले असते तितके त्या कॉन्ट्रॅक्टमधे मेलेही नसतील.

म्हणून माझ्या म्हणण्यात एक अट आहे आणि ती महत्त्वाची आहे. विष खाऊन मेलेली खार, किंवा जिच्याबद्दल तशी शंका आहे अशी, ती कावळ्यासाठी सोडायची नाही. ती खोल पुरायची किंवा पालिकेला द्यायची. बघा म्हणजे विषानं काय होतं, ते नुसता जीव घेत नाही, त्या जिवाचं मरणसुद्धा वाया घालवतं, जे शरीर दहा जणांचं जेवण झालं असतं त्याचं दहा जणांना मारणारं औषध होतं. गिधाडांच्या बाबतीत जे झालं तेच, फक्त आपल्या बागेच्या आकाराचं. उंदीर आवरायचे तर आधी कचरा झाका, गटाराच्या जाळ्या बसवा, बिळं बुजवा, पिंजरे लावा, आणि औषध लावायचंच झालं तर बंद पेटीत, जिथं खार आणि मांजर पोचणार नाही, आणि मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करायचे. हे कॉन्ट्रॅक्टमधे लिहून घेता येतं, दोन ओळी लागतात. चिकट पॅड तर मागवूच नका, त्यावर चिकटलेली खार मी एकदा तेल लावून सोडवलीय, तिचं किंचाळणं मला अजून ऐकू येतं.

आणि शेवटी जागा, सगळं येऊन तिथंच अडतं. २०२३ मधे पालिकेनं मालाडला लहान पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली, फार चांगलं काम झालं, ज्यांचं कुत्रं-मांजर गेलंय त्यांनाच ते कळेल. पाळलेल्या जिवाला आपण निरोप द्यायला शिकलो. न पाळलेल्याला निरोप द्यायची गरजच नसते, त्याला फक्त माती लागते, आणि तीच आपण काढून घेतली. आमच्या लेनमधे जुन्या तीन मजली बिल्डिंगी होत्या, मागं अंगण, नारळ, जांभूळ, पेरू, धुण्याचा दगड. गेल्या काही वर्षांत एकामागून एक रिडेव्हलपमेंटला गेल्या. आता बावीस मजले, खाली तळघरात पार्किंग, वर पोडियम, पोडियमवर गार्डन. ब्रोशरमधे हिरवंगार दिसतं, पण ती स्लॅबवर टाकलेली दोन-अडीच फूट माती, वॉटरप्रूफिंगच्या वर, तिच्यात महिन्याला औषध फवारलं जातं, पडलेलं पान सकाळी आठच्या आत उचललं जातं. गांडूळ तिथं पोचणार कुठून? खालच्या जमिनीशी तिचा संबंधच तोडलेला आहे. पालिकेच्या २०१८ च्या मोजणीत मुंबईत २९ लाख ७५ हजारांवर झाडं भरली, पण त्यातल्या किती झाडांच्या बुंध्याशी तुम्ही बोट खुपसू शकता ते आपापल्या रस्त्यावर मोजून बघा. हरित लवादानं २०१३ मधे दिल्लीसाठी सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटविना सोडा. एक मीटर! एका झाडाला एक मीटर मिळवायला कोर्टात जावं लागलं. आपल्याकडंही पालिका बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायच्या मोहिमा काढते, आणि मग पुढचा रस्ता करणारा ठेकेदार परत सिमेंट ओततो.

लोक म्हणतील मुंबईत माणसांना राहायला जागा नाही आणि हिला मेलेल्या खारींना जागा हवीय. हे मला तोंडावर बोललेलं आहे, आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. तर मी त्यांना एवढंच विचारते, ज्या मातीत खार जिरते त्याच मातीत पाऊस जिरतो ना? जुलैत कंपाउंडमधे गुडघाभर पाणी साचतं तेव्हा जांभळाखालचा तो कोपराच पहिला मोकळा होतो, हे पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यांनी बघितलंय. ही जागा वेगळी काढायची नाही, जी आहे ती झाकायची नाही, इतकंच.

वासाचं म्हणाल तर वीतभर खड्डा, वर माती, वर पाला, एक दगड. कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून दगड. मुलांचं म्हणाल तर आमच्या दुसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी रोज माझ्याबरोबर खार बघायला यायची, तिच्या आईला आधी पटलं नव्हतं, मग ती पण यायला लागली. सहाव्या दिवशी अळ्या गेल्या कुठं म्हणून मुलीनं विचारलं, मी सांगितलं मातीत झोपल्या, माश्या होऊन उठतील. ती म्हणाली मग साळुंकी त्यांना परत खाईल. म्हटलं हो. तिला काही भीतीबीती वाटलेली दिसली नाही. तिची आजी गेल्या वर्षी गेली तेव्हा घरात सगळ्यांनी तिला आजी गावाला गेली सांगितलं होतं आणि ती महिनाभर दार वाजलं की धावत जायची, हे तिच्या आईनं मला त्या जांभळाखालीच सांगितलं.

आमची बिल्डिंग पण आता रिडेव्हलपमेंटला चाललीय, १९६८ ची आहे, स्लॅब गळतात, जायलाच हवी, माझा विरोध नाही. प्लॅनचा पहिला कागद आलाय, त्यात मागच्या जांभळाच्या जागी कार लिफ्ट आहे. पुढच्या रविवारी जनरल बॉडी आहे, त्यासाठी मी लेखी अर्ज दिलाय, खाली नऊ सह्या आहेत, त्यातली एक सेक्रेटरींच्या मिसेसची. मागितलंय एवढंच: मागच्या भिंतीलगत पंधरा फूट बाय आठ फूट, खाली तळघर नाही, वर पेव्हर ब्लॉक नाही, जांभूळ आहे तिथंच, आणि पडलेला पाला उचलायचा नाही. मावशींना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, ताई, खराटा तिकडं न्यायचाच नाही हे पण लिहा. ते हातानं खाली लिहिलं आणि मग दिला.